चर्चा: रेडिओवर पीडितेचा आवाज बदलायचा, की तिचं म्हणणं दुसऱ्या बाईकडून वाचून घ्यायचं?

खरखर:
सामुदायिक रेडिओच्या मुलींना महिला हक्कांचं प्रशिक्षण देताना 'पीडितेचं नाव घ्यायचं नाही' एवढं सांगतात आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिच्या आवाजाची पट्टी ४ सेमीटोन (अर्धे स्वर) उतरवायला शिकवतात. हे शिकवणं बंद करा. ४ उतरवलेला आवाज ४ चढवला की मूळ बाई बोलू लागते, फोनवरचं ॲपसुद्धा पुरतं. त्यात फार तर १०० वॉटचं प्रक्षेपण, म्हणजे ऐकणारे सगळे पंचक्रोशीतले. तिच्या 'म्हंजी कसं' वरूनच आळी ओळखते. तिचं बोलणं लिहून काढा, दुसऱ्या बाईकडून वाचून घ्या आणि तसं प्रसारणात सांगा.

उंबरठा:
साफ नामंजूर. दुसरीने वाचलं की सरकारी निवेदन होतं. तेलंगणातला संघम रेडिओ २००८ साली दलित बायकांनीच चालवायला घेतला, तो काय दुसऱ्यांच्या तोंडून बोलायला? बलात्काराच्या प्रकरणातही सज्ञान पीडिता लेखी संमती देऊन ओळख उघड करू शकते, भारतीय न्याय संहिता, कलम ७२. आणि सातबाऱ्यावर नाव लावायला, रोहयोची थकलेली मजुरी मागायला कसली लपवाछपवी?

खरखर:
सातबाऱ्याचं मान्य, तिथे तिचाच आवाज हवा. पण संमती कशाची घेता? कागदावर 'प्रसारणासाठी' एवढंच असतं, आणि महिन्याभराने तोच भाग यूट्यूबवर. संमती दोनदा घ्या: रेकॉर्डिंगआधी, आणि संपादित भाग तिला ऐकवून झाल्यावर. पुनःप्रसारण आणि इंटरनेट यांच्या सह्या वेगळ्या.

कलमकसाई:
दोघंही अल्पवयीन मुलगी विसरलात. पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम २३ मध्ये आईबापांच्या सहीने भागत नाही. विशेष न्यायालयाची परवानगी लागते. नावच नाही, शाळा आणि शेजारही सांगायचा नाही.

उंबरठा:
बरं, अल्पवयीन असेल तर वाचूनच घ्या. पण वाचलेल्या मजकुरातही 'गिरणीच्या मागचं घर, नवरा एसटीत' ठेवलंत, तर दुसरीने वाचून काय उपयोग? तिचाच आवाज असेल तर मागे ऐकू येणारा देवळातला भोंगा, नाहीतर पोराने मारलेली 'आई गं, पिंकीला बघ' ही हाक. सरावाला हेच द्या: १ मिनिटाची फीत, आणि ओळख पटवणाऱ्या खुणा मोजायच्या.

खरखर:
चालेल. आणि मूळ फाइलला गावाचं नाव देऊन ती स्टुडिओच्या संगणकावर ठेवायची सवयही आधी मोडा. तो संगणक सगळेच वापरतात.