'वन हेल्थ'ची पदवी: गरज की फॅड?

भीमाकाठ:
भाची यंदा पशुवैद्यक झाली. तिला एमव्हीएस्सी, म्हणजे पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी, नकोय, 'वन हेल्थ'मध्ये मास्टर्स करायचंय. म्हणजे माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र अभ्यासायचं. लंडनला रॉयल व्हेटर्नरी कॉलेज आणि लंडन स्कूल ऑफ हायजीन मिळून असा एक वर्षाचा कोर्स चालवतात, त्यावर तिचा डोळा आहे. घरात दोन तट पडलेत. मी तिच्या बाजूने.

कारण गिधाडं. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचलेलं जनावर मेलं की ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या दुकानात होत्याच, त्याच गोठ्यात जात राहिल्या. माणसांचं इंजेक्शन ३ मिलीच्या कुपीपुरतं मर्यादित व्हायला २०१५ उजाडलं. नऊ वर्षं! माणसांचं औषध आणि गुरांचं औषध एकाच टेबलावर ठेवून बघणारं कुणी असतं, तर इतकी लागली असती?

आडमुठा:
उदाहरण तुमचंच घेतो. गिधाडं डायक्लोफेनॅकने मरतात हे २००४ मध्ये दाखवलं लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी. ओक्स पशुवैद्यकीय शास्त्रज्ञ. पाकिस्तानातली मेलेली गिधाडं फाडून, एकेक कारण बाद करत तिथवर पोचले. ते खोल शिकलेल्या माणसाचं काम, सगळ्यातलं चमचाभर चाखलेल्याचं नव्हे.

आणि ही पदवी घेऊन ती बसणार कुठे? वैद्यकीय अधिकाऱ्याला एमबीबीएस लागतं, पशुधन विकास अधिकाऱ्याला बीव्हीएस्सी. 'वन हेल्थ' हीच अर्हता मागणारी सरकारी जाहिरात दाखवा, मी माघार घेतो.

भीमाकाठ:
नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेचं भूमिपूजन डिसेंबर २०२२ मध्ये झालंय.

आडमुठा:
भूमिपूजनाने पगार होत नाही हो.

काजूवाला:
मी दोडामार्गचा. २०१६ पासून आमच्याकडे माकडताप आहे, गोचीड चावून माणसाला होणारा. विषाणू सापडला १९५७ मध्ये कर्नाटकात, शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात, आणि आता आमच्या काजूच्या बागांत. माकड मेलं की अंग थंड पडतं, गोचीड उतरतात आणि पाचोळ्यात बसून राहतात. नेमकं त्याच दिवसांत आम्ही बोंडू गोळा करायला वाकलेले.

एकदा बागेत वानर मरून पडलेलं दिसलं. फोन केला. एक कार्यालय म्हणालं, प्राणी आमचा पण रोग आमचा नाही. दुसरं म्हणालं, माणूस आजारी पडला की या. तिसऱ्याने उचललाच नाही. संध्याकाळपर्यंत वानर तिथंच, आणि बायको घरात दर तासाला माझ्या पोटऱ्या बघते!

आडमुठा:
वाईट झालं, पण याला लागतं ते एक परिपत्रक आणि एक फोन नंबर. एमएस्सी कशाला?

काजूवाला:
परिपत्रक लिहिणाऱ्याला गोचीड माहीत हवा ना.

सुईवाला:
पंधरा वर्षं पशुवैद्यक आहे, म्हणून तिसरंच सांगतो. गाभडलेल्या म्हशीची वार हातमोज्याशिवाय काढली होती. चूक माझीच. महिन्याभराने ताप सुरू झाला, सांधे धरले, रात्री घामाने उशी ओली. दोन डॉक्टरांनी टायफॉइड म्हणून औषधं दिली. धंदा काय करता, हे एकानेही विचारलं नाही. शेवटी ब्रुसेलाची, म्हणजे जनावरांकडून माणसाला लागणाऱ्या जिवाणूची, तपासणी मीच सांगून करून घेतली.

आम्हाला पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य हा विषय आधीपासून आहे. भाचीला यातलं निम्मं येत असणार. हा अभ्यास खरा शिकवायला हवा एमबीबीएसवाल्यांना, आणि तोही वेगळी पदवी न काढता त्यांच्याच पेपरात.

भीमाकाठ:
हे पटलं. पण तिथे डॉक्टर तिच्याच बाकावर बसणार असतील, तर दोघंही एकमेकांना विचारायला शिकतील की नाही?

आडमुठा:
लाखो रुपयांचा बाक! कर्ज काढणार असाल तर माझं मत अजूनही नकोच. आधी एमव्हीएस्सी, मग वाटलं तर हे.

काजूवाला:
भाचीला आधी इकडे पाठवा, काजूच्या हंगामात. पांढरं फडकं काठीला बांधून पाचोळ्यावरून ओढायचं. गोचीड आपोआप चिकटतात, मग चिमट्याने उचलून बाटलीत. पिल्लं टाचणीच्या टोकाएवढी असतात, चष्मा असेल तर आणायला सांगा. राहायची सोय आमच्या घरी आहे.