मदत हवी आहे : घरातला आयपी कॅमेरा बाहेरून दिसत नाही, कारण सीजीनॅट (एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याची पुरवठादाराची पद्धत) असेल का?

नमस्कार. दारावर लावलेला कॅमेरा घरच्या वायफायवरून मोबाइलवर व्यवस्थित दिसतो, परंतु मोबाइल डेटावर जोडणीच होत नाही. चित्रण कोणाच्या क्लाउडवर जाऊ नये म्हणून ती सोय मुद्दाम बंद ठेवली आहे. राउटरमध्ये कॅमेऱ्याला १९२.१६८.१.५० हा पत्ता कायमचा नेमून दिला असून ५५४ क्रमांकाचे पोर्ट (चित्रण ज्यातून येते ते द्वार) त्याच्याकडे वळवले आहे.

खरी मेख पुढे असावी. राउटरच्या वॅन (इंटरनेटकडील बाजूच्या) पानावर १००.७२ने सुरू होणारा पत्ता दिसतो, तर आपला आयपी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर निराळाच. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा २०१२ पासून इंटरनेट पुरवठादारांच्या अशाच अंतर्गत वापरासाठी राखीव आहे. म्हणजे सीजीनॅटमुळे एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जातो आणि बाहेरची विनंती माझ्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही, ही माझी समजूत बरोबर आहे का? ग्राहक सेवेकडून ‘राउटर बंद करून चालू करा’ यापलीकडे उत्तर मिळालेले नाही.

तसे असल्यास स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घ्यावा, की घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर वायरगार्ड (घरच्या जाळ्यात सुरक्षित शिरण्यासाठीचा व्हीपीएन) बसवून आयपीव्ही६ म्हणजे नव्या प्रकारच्या आयपी पत्त्यामार्गे आत यावे? राउटरवर आयपीव्ही६ सुरू आहे, कॅमेरा मात्र केवळ जुना आयपीव्ही४ जाणतो. पोर्ट सताड उघडे ठेवण्यापेक्षा मला दुसरा मार्ग सुरक्षित वाटतो. परंतु त्यासाठी राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये नेमका कोणता नियम लिहावा लागेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.