कुणी तुमचं नाव घेऊन देवाचे आभार मानलेत का?

पहाटवारा:
फोन बदलायचाय म्हणून काल जुने मेसेज काढून टाकत बसले होते. त्यात ताईंचा व्हॉइस मेसेज सापडला, सव्वादोन मिनिटांचा. ताई आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या), आता प्रभूकडे गेल्यात. तेव्हा माझी नोकरी गेली होती, उपासनेला जाणं बंद केलं होतं, कुणाचा फोन उचलत नव्हते. म्हणून त्यांनी प्रार्थनाच करून पाठवली होती.

काल ऐकताना लक्षात आलं, त्यात मागणं जवळजवळ नाहीच. "प्रभू, ही सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडते, त्याबद्दल तुझी उपकारस्तुती. आजोबांना अंधुक दिसतं म्हणून गीताची ओळ बोटाने दाखवत त्यांच्या शेजारी उभी राहते, त्याबद्दल उपकारस्तुती." मध्येच दाराची बेल वाजते, ताई "थांब हं" म्हणतात, दार उघडून येतात आणि प्रार्थना पुढे चालू! नोकरीसाठी अगदी शेवटी एक वाक्य. "मंडळीत परत ये" असं कुठेच नाही. मी कुणाच्याच उपयोगाची नाही असं तेव्हा वाटायचं, आणि इथे कुणीतरी माझी एकेक गोष्ट देवापुढे मांडत होतं. पुढच्या रविवारी गेले.

बायबलमध्ये प्रेषित पौल फिलिप्पै शहरातल्या मंडळीला पत्र लिहितो तेव्हा बेड्यांत आहे. तरी आधी त्यांची आठवण आणि देवाचे आभार, मग मागणं की त्यांची प्रीती वाढत जावी. आणि हे त्याने देवापाशीच ठेवलं नाही, त्यांना लिहून कळवलं. आपण प्रार्थना करतो, पण ज्याच्यासाठी केली त्याला सांगायचं राहून जातं. तुमचे अनुभव लिहा ना.

निशिगंध:
तो मेसेज आधी दुसरीकडे सेव्ह कर!! फोन बदलताना माझ्या आईचे सगळे गेले. बाकी नंतर लिहिते, बाळ उठलं.

जुना वाचक:
फिलिप्पैकर तरी पौलाला मदत पाठवणारे, जीव लावणारे. करिंथ शहरातली मंडळी बघा. गटबाजी, कोर्टकज्जे, प्रभुभोजनातसुद्धा कुणी उपाशी तर कुणी तर्र. तरी पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्याच वचनात त्यांच्याबद्दल उपकारस्तुती!

मी मंडळीच्या कमिटीवर १२ वर्षं होतो. एका बंधूंशी हिशेबावरून बिनसलं, दोन वर्षं बोलणं नाही. मग ठरवलं, रोज त्यांच्याबद्दल आभाराची एक तरी गोष्ट शोधायची. चार दिवस "ते वेळेवर येतात" यापलीकडे काही सुचेना. पाचव्या दिवशी आठवलं, माझ्या वडिलांच्या शवपेटीला खांदा द्यायला सगळ्यांत आधी तेच पुढे आले होते. प्रार्थना तिथेच थांबली. उठून फोन केला. हिशेबाबद्दल आमचं अजून एकमत नाही, पण रविवारी शेजारी बसतो.

ढगाळ:
गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात मात्र पौलाचे आभार नाहीत हं. सलाम झाला की थेट "मला आश्चर्य वाटतं".

जुना वाचक:
@ढगाळ खरंय. पण त्याच पत्रात (४:१९) त्यांच्यासाठी प्रसूतिवेदना सोसतोय म्हणतो. आईचा राग तो.

रात्रपाळी:
मी आजारी होते तेव्हा "प्रार्थनेत आहेस" हे इतक्यांनी म्हटलं की कानावरून जायचं. एका बहिणीचा मात्र रोज मेसेज, "आज ३:४० ला तुझं नाव घेतलं". तान्ह्या बाळाला पाजायला उठायची ती. मीही त्याच वेळी जागी असायचे, दुखण्यामुळे झोप नसायची. मग मी ३:४० ची वाट बघायला लागले. आम्ही दोघी आजतागायत भेटलेलो नाही. पौल कलस्सैच्या मंडळीसाठीही प्रार्थना करायचा, त्यांना तरी तो कुठे भेटला होता?

निशिगंध:
@रात्रपाळी अगं हे वाचून अंगावर काटा आला. मीपण ह्याच वेळी उठते सध्या. तुझं नाव घेते आजपासून.

मोरपीस:
ताईंनी बेल वाजल्यावर दार उघडलं हे किती छान 😀 बायबलमध्ये येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात असताना त्याच्यासाठी मंडळी प्रार्थना करत होती, तर पेत्र सुटून दारात हजर, आणि रुदा नावाची दासी आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळाली! वर प्रार्थना करणारेच तिला म्हणाले, वेडी आहेस.

अबोल:
लिहू की नको विचार करत होतो. माझ्या भावासाठी पुष्कळांनी प्रार्थना केली. तो गेला. त्यानंतर लोक माझी नजर चुकवू लागले, काय बोलावं त्यांना कळत नसेल. एक बंधू आले, चप्पल काढून जमिनीवरच बसले. म्हणाले, "बापा, हा ४१ वर्षं आमच्यात होता, त्याबद्दल तुझे आभार." आणि गप्प बसले. बराच वेळ. मी त्या दिवशी पहिल्यांदा रडलो.

पहाटवारा:
@अबोल दादा, लिहिलंत ते बरं केलंत. आज तुमच्या भावाबद्दल आणि तुमच्याबद्दलही आभार मानते.

जुना वाचक:
@अबोल 🙏 नाव सांगावंसं वाटलं तर निरोप पाठवा, घेईन.

ढगाळ:
@पहाटवारा मेसेज सेव्ह झाला का? स्वतःलाच ईमेल करून ठेव, सोपं पडेल.

पहाटवारा:
झाला. आजोबांच्या नातीलाही पाठवला.

निशिगंध:
बाळ झोपलं एकदाचं. आमच्या जुन्या पाळकबाईंना आत्ता लिहिलं, की रविवारच्या शाळेत मी पाठ विसरले की तुम्ही ओठ हलवून पुढचा शब्द सांगायचात, त्याबद्दल देवाचे आभार मानते. मेसेज वाचलाय त्यांनी. दहा मिनिटं झाली, नुसतं "टायपिंग" दिसतंय.