मुलीसाठी शाईचे पहिले पेन कोणते घ्यावे?

बी-४०३
सोसायटीतल्या सर्वांना नमस्कार. माझी मुलगी यंदा आठवीत गेली असून तिच्या मराठीच्या बाईंनी शाईचे पेन वापरून पाहण्यास सुचवले आहे. शाईच्या दौतीसकट पाचशे रुपयांच्या आसपास कोणते पेन घ्यावे, हे कोणी सांगू शकेल का? ती रोज मराठी आणि इंग्रजी दोन्ही भरपूर लिहिते, तिच्या वह्या शाळेच्या नेहमीच्या पातळ कागदाच्या आहेत आणि पेन दप्तरात उभे-आडवे कसेही पडलेले असते. आम्हा दोघांना बॉलपेनाखेरीज कशाचाच अनुभव नाही.

ए-१०२
ताई, थोडा जास्त खर्च चालणार असेल तर लामी कंपनीच्या सफारी पेनाचा विचार करावा. हे जर्मन पेन १९८० पासून बाजारात आहे, त्याची पकड त्रिकोणी असल्यामुळे बोटे आपोआप योग्य जागी बसतात आणि निब खराब झाल्यास एकटी निब बदलता येते. किंमत पाचशेच्या बरीच पुढे जाते, परंतु वस्तू टिकाऊ आहे.

सी-७०१
ए-१०२ च्या काकांनी सुचवलेले पेन उत्तमच आहे, मात्र पहिल्या पेनासाठी मी ते सुचवणार नाही, आणि त्याचे कारण केवळ किंमत नव्हे. मुलगी देवनागरी लिहिणार आहे, म्हणून पेनाच्या नावाआधी निबेच्या जाडीचा विचार व्हावा असे मला मनापासून वाटते. आपल्या अक्षरांवर शिरोरेषा असते, तिच्यावर मात्रा, रफार आणि अनुस्वार बसतात, खाली उकार आणि ऋकार लटकतात. दोन रेघांमधल्या आठ-नऊ मिलिमीटरांत एवढे सगळे मावायचे असेल तर जाड निबेने ‘ध’, ‘भ’, ‘क्ष’, ‘श्री’ यांची पोटे शाईने भरून जातात आणि अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला चिकटतो. इंग्रजीत मध्यम जाडीची निब सुंदर दिसते. तीच निब मराठीच्या वहीत अक्षर गिचमिड करते. म्हणून दुकानात ‘बारीक निब’ असे स्पष्ट मागावे.

यात आणखी एक मेख आहे. जपानी कंपन्यांची बारीक निब ही युरोपीय कंपन्यांच्या बारीक निबेपेक्षा सहसा एक पायरी अधिक बारीक असते, कारण त्यांना कांजी लिपीतील दाट अक्षरे छोट्या चौकटीत बसवायची असतात. आपली गरज त्यांच्या गरजेच्या बरीच जवळची आहे. प्लॅटिनम कंपनीचे प्रेपी हे पेन ०२, ०३ आणि ०५ अशा जाडीत मिळते. मराठीसाठी ०३ योग्य ठरेल. ०२ इतकी टोकदार असते की नवख्या हाताला ती कागद खरवडल्यासारखी वाटते आणि मूल कंटाळून पेन बाजूला ठेवते. प्रेपीच्या टोपणात स्प्रिंगवर बसवलेले आतले झाकण असते, त्यामुळे पेन काही दिवस पडून राहिले तरी निब सुकत नाही. शाळकरी मुलांच्या बाबतीत हा गुण फार मोलाचा आहे. पेनाचे अंग मात्र साध्या प्लास्टिकचे आहे, तेव्हा ते आदळआपट सोसेल अशी अपेक्षा ठेवू नये.

डी-२०४
सी-७०१ च्या ताईंचे निबेविषयीचे म्हणणे पटते, पण परदेशी पेनच कशासाठी? आपल्याकडे या धंद्याची मोठी परंपरा आहे. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईची पूड विकण्यापासून कॅम्लिनची सुरुवात केली आणि पुढे कॅमल शाई घरोघरी पोचली. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशी पेन घडवले आणि त्याची पोच देणारे गांधीजींचे पत्र १९३५ साली वर्ध्याहून गेले होते. कॅम्लिनची, क्लिकची पेने आजही खिशाला परवडतात, आणि ड्रॉपरने थेट पोटात शाई भरायचे पेन घेतले तर एकदा भरल्यावर कितीतरी दिवस पाहावे लागत नाही.

सी-७०१
काका, परंपरेविषयी आपण लिहिले ते अगदी खरे आहे, आणि मोठ्या माणसाने टेबलाशी बसून लिहिण्यासाठी पेन विचारले असते तर मी स्वतःच एबोनाइटचे (म्हणजे कडक रबराचे), हाताने कातलेले भारतीय पेन सुचवले असते. परंतु दप्तरात वागवायचे पहिले पेन ड्रॉपरचे नसावे, असे माझे ठाम मत आहे.

निबेखाली जी काळी जीभ असते तिच्यातील बारीक खाचेतून शाई पुढे येते आणि तेवढीच हवा मागे टाकीत जाते. लिखाणाचा सगळा तोल या देवघेवीवर चालतो. ड्रॉपरच्या पेनात दोन-तीन मिलिलिटर शाई मावते. ती अर्धी संपली की उरलेल्या जागेत हवा भरते, मुठीच्या उबेने ही हवा प्रसरण पावते आणि शाईला पुढे ढकलते. जिभेवरच्या आडव्या खाचा थोडी जादा शाई धरून ठेवतात, पण त्यांची क्षमता संपली की पेन वहीवर शाई ओकते. जाड एबोनाइटमधून उष्णता सावकाश जाते म्हणून तिथे हा त्रास कमी असतो. स्वस्त, पातळ प्लास्टिकच्या पेनात तो अधिक जाणवतो. काट्रिज (शाई भरलेली, बदलायची नळी) किंवा कन्व्हर्टर (दौतीतून शाई ओढून घेणारी नळी) असलेल्या पेनात शाई जेमतेम एक मिलिलिटर असते आणि हवाही थोडीच, त्यामुळे ओकण्याचा प्रश्न फारसा येत नाही. दर तीन-चार दिवसांनी शाई भरावी लागेल, पण तेवढ्या निमित्ताने मुलगी पेनाची काळजी घ्यायलाही शिकेल.

भारतीय पेनच घ्यायचे असेल तर कन्व्हर्टरचे घ्यावे, आणि ते दुकानात लिहून पाहिल्याशिवाय घेऊ नये. कमी किमतीच्या पेनांत एकाच नमुन्याच्या दोन नगांच्या निबांत फरक असू शकतो. पुण्यातल्या आप्पा बळवंत चौकातील दुकानांत गेलात तर निब शाईत बुडवून लिहून पाहू द्या असे सांगावे, जराही दाब न देता कागदावर इंग्रजी आठचा आकडा काढावा, आणि निब एका दिशेला गुळगुळीत व दुसऱ्या दिशेला खरखरीत चालत असेल तर तिची दोन टोके एका पातळीत नाहीत असे समजून दुसरा नग मागावा.

बी-४०३
ताई, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. दोन शंका आहेत. या पेनाने अक्षर खरोखर सुधारते का? आणि शाळेच्या वहीवर शाई मागच्या पानावर उतरणार नाही ना?

सी-७०१
पेन हातात घेतल्याने अक्षर आपोआप सुधारत नाही, हे मुलीला आधीच सांगावे. बॉलपेनातील दाट शाई कागदावर यावी म्हणून आपण नकळत दाब देतो. त्या दाबाने बोटे आवळली जातात, आणि लिखाण लांबले की अक्षर बिघडते. शाईच्या पेनाला दाब लागतच नाही, निब कागदाला टेकली की शाई वाहू लागते. हात सैल पडला की वेग आपसूक कमी होतो आणि वळणाकडे लक्ष देता येते. सुरुवातीचे काही दिवस ती जुन्या सवयीने दाबून लिहील, तेव्हा तिला रोज एखादे पान निव्वळ सरावासाठी लिहू द्यावे, नाहीतर निबेची टोके फाकतील. पेन साधारण तिरपे धरावे आणि निबेची वरची, नक्षीची बाजू आपल्याकडे असावी.

कागदाचा प्रश्न मात्र खरा आहे. पातळ वहीवर शाई थोडी फुटते आणि मागच्या पानावर दिसते. बारीक निबेने शाई कमी पडते म्हणून हा त्रासही कमी होतो. शक्य असल्यास निदान मराठीची एक वही सत्तर जीएसएमच्या (म्हणजे दर चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाच्या) कागदाची घ्यावी.

ए-१०२
माझा मुलगा डावखुरा आहे. त्याला असे पेन जमेल का?

सी-७०१
जमेल, काका. डावखुऱ्या मुलाचा हात नुकत्याच लिहिलेल्या ओळीवरून सरकतो, म्हणून त्यालाही बारीक निब आणि लवकर सुकणारी शाई द्यावी, आणि मनगट ओळीच्या खाली ठेवण्याची सवय लावावी. वही थोडी उजवीकडे कलती ठेवली की हे सोपे जाते.

डी-२०४
शाई कोणती घ्यावी, तेही सांगून टाका. आमच्या वेळी कॅमलची रॉयल ब्लू असे.

सी-७०१
आजही तीच घ्यावी, काका. कॅमल, ब्रिल किंवा १९३४ साली स्वदेशीच्या प्रेरणेने बंगालमध्ये सुरू झालेली सुलेखा, यांपैकी कोणतीही शाई पहिल्या पेनाला चालेल, आणि दौतीतल्या शाईचा खर्च काट्रिजच्या मानाने नगण्य असतो. रॉयल ब्लू कपड्यावरून बरीचशी निघते, म्हणून गणवेशाच्या वयात ती बरी. पाण्याने ती कागदावरूनही निघते, हे लक्षात ठेवून महत्त्वाच्या अर्जांवर मात्र ती वापरू नये. एक गोष्ट अगदी कटाक्षाने पाळावी. चित्रकलेची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक पेनात कधीही भरू नये. तिच्यात लाख असते, ती जिभेच्या खाचेत वाळून बसते आणि मग पेन धुऊनही चालत नाही.

बी-४०३
मग प्रेपी ०३ आणि रॉयल ब्लूची दौत, असे नक्की करते. त्या पेनाला कन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागेल का?

सी-७०१
कन्व्हर्टर वेगळा मिळतो, पण तो घेतला तर खर्च ठरवलेल्या रकमेपलीकडे जाईल. सोबत आलेले काट्रिज संपले की ते फेकू नका. औषधाच्या दुकानातून सिरिंज आणून त्यातच दौतीतली शाई भरा, तेच काट्रिज पुष्कळ वेळा वापरता येते. सिरिंजची सुई टोकदार असेल तर भरण्याचे काम मुलीऐवजी आपण करावे. प्लॅटिनमच्या पेनात दुसऱ्या कंपनीचे काट्रिज थेट बसत नाही, त्यामुळे दुकानदाराने दिले तरी घेऊ नये. महिन्यातून एकदा निबेचा भाग साध्या पाण्याखाली, पाणी स्वच्छ येईपर्यंत धरावा. गरम पाणी किंवा स्पिरिट वापरू नये. रविवारी मी चौकात जाणार आहे. आपण आणि मुलगी सोबत येत असाल तर निब तिच्याच हाताने पाहून घेऊ.

बी-४०३
नक्की येतो, ताई. सकाळी दहाला गेटपाशी भेटू.