सीफार पायलट ग्रँटचा पहिला अर्ज: पुण्याचे साठवलेले नमुने, ५०,००० डॉलर, १२ महिने

मुळामुठा (प्रश्न)

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात सहायक प्राध्यापक आहे, दुसरं वर्ष. पीएचडीला सात वर्षं झाली, एनआयएचचं (अमेरिकी सरकारची आरोग्य संशोधन संस्था) मोठं स्वतंत्र अनुदान, आर०१, अजून नाही. आमच्याकडे एनआयएचचं सेंटर फॉर एड्स रिसर्च (सीफार) आहे आणि त्यांच्या पायलट अवॉर्डची जाहिरात आली आहे: ५०,००० डॉलर डायरेक्ट कॉस्ट, १२ महिने, आधी एक पानाचं एम्स (उद्दिष्टं), निवड झाली तर पाच पानांचा अर्ज.

माझा आराखडा असा:
एम १: पुण्यातल्या एका कोहॉर्टमधल्या (दीर्घकाळ पाहिला जाणारा अभ्यासगट), एआरटीवर (एचआयव्हीची औषधं) व्हायरल लोड दाबलेला असलेल्या ४० स्त्रियांच्या गोठवलेल्या पीबीएमसींवर (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) आयपीडीए ही ड्रॉपलेट पीसीआरची चाचणी करून अखंड प्रोव्हायरसचा (पेशीच्या डीएनएत दडलेला विषाणू) साठा मोजणं.
एम २: तोच साठा बॉल्टिमोरच्या ४० स्त्रियांशी ताडून पाहणं.
एम ३: पुण्यात २० मुलाखती, ‘क्युअर’च्या (एचआयव्ही पूर्ण बरा करण्याच्या) संशोधनात भाग घेण्याबद्दल.

प्रश्न चार. हे जास्त होतंय का? पुण्याला सबअवॉर्ड (अनुदानातला हिस्सा) देता येईल का? एचएमएससीची (भारताच्या आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती) मंजुरी अर्जाआधी लागते की नंतर? आणि हे पैसे घेतले तर पुढे एनआयएचकडचा अर्ली स्टेजचा (नवोदित संशोधकाचा) दर्जा जातो का?

टेंभुर्णी

शेवटच्याचं उत्तर आधी, कारण ते सोपं. दर्जा जात नाही. शेवटची पदवी किंवा क्लिनिकल प्रशिक्षण संपल्यापासून दहा वर्षं आणि आर०१ किंवा त्याच्या तोडीचा अवॉर्ड नसणं, एवढंच बघतात. सीफारचं पायलट किंवा आर०३, आर२१ ही लहान अनुदानं यांनी तो जात नाही. तुमच्याकडे तीन वर्षं आहेत.

आता एम्स. हो, जास्त होतंय. पण आकारापेक्षा मोठी अडचण एम २ मध्ये आहे, ती बघा.

भारतात एचआयव्हीचा सबटाइप (उपप्रकार) सी, बॉल्टिमोरमध्ये सबटाइप बी. २०१९ ला प्रसिद्ध झालेली मूळ आयपीडीए बी च्या सिक्वेन्सवर बेतलेली आहे. एक प्रोब (ठरावीक सिक्वेन्सला चिकटून चमकणारा तुकडा) विषाणूच्या जीनोमच्या सुरुवातीकडच्या पॅकेजिंग सिग्नलवर, दुसरा शेवटाकडच्या एन्व्ह जनुकात आरआरई या भागापाशी. दोन्ही एकाच थेंबात चमकले तर प्रोव्हायरस अखंड धरायचा. सी मध्ये एन्व्हचा प्रोब चुकला, तर अखंड प्रोव्हायरस ‘३ प्राइम बाजूनं तुटलेला’ म्हणून मोजला जाईल. पॅकेजिंगचा चुकला तर ‘५ प्राइम बाजूनं तुटलेला’. दोन्हीकडून अखंडांचा आकडा खालीच येणार. मग तुम्ही लिहिणार, ‘पुण्यातल्या स्त्रियांमध्ये साठा लहान आढळला’. अर्ज तपासणाऱ्या पॅनेलवर व्हायरॉलॉजीचा एक जरी माणूस असला तरी तो विचारेल, साठा लहान की प्रायमर (पीसीआर सुरू करणारा डीएनएचा तुकडा) चुकला? याचं उत्तर तुमच्या आराखड्यात कुठंच नाही. मुळात बी असलेल्यांमध्येसुद्धा काहींचा सिग्नल येत नाही, हे माहीत असलेलं दुखणं आहे.

त्यात पॉवरही (खरा फरक पकडण्याची क्षमता) बेताचीच. साठ्याचं एसडी (प्रमाण विचलन) ०.६ लॉग धरलं तर ४०-४० मध्ये ८०% पॉवरनं साधारण अडीच पटीचा फरक दिसेल, २०-२० मध्ये साडेतीन पटीचा. त्याहून लहान फरक हातून निसटणार.

तेव्हा तुलना सोडा. पायलटमधून बाहेर काय पडायला हवं? पुढच्या आर२१ किंवा आर०१ मध्ये ‘प्रीलिमिनरी डेटा’ या शीर्षकाखाली एक आकृती. ती आकृती आत्ताच कागदावर काढा, अक्षांची नावं लिहा, आणि मग एम्स लिहायला घ्या. तुमच्या बाबतीत ती अशी दिसेल: आडव्या अक्षावर ४० स्त्रिया, उभ्यावर दशलक्ष सीडी४ पेशींमागे (एचआयव्ही ज्यात दडतो त्या पांढऱ्या पेशी) अखंड प्रोव्हायरस, प्रत्येकीचे दोन ठिपके, एक मूळ प्रायमरचा आणि एक सी साठी जुळवलेल्या प्रायमरचा. क्रॉस-सबटाइप रूपं प्रसिद्ध झालेली आहेत, नव्यानं शोधायची गरज नाही. एम १ हेच. एम २ मध्ये ज्यांचा सिग्नल आला नाही अशा १०-१२ जणींचं जवळपास पूर्ण लांबीचं सिक्वेन्सिंग, चूक नेमकी कुठल्या बेसवर आहे ते दाखवायला.

एम ३ चा विषय चांगला आहे, पण तो या अर्जाचा नाही. मुलाखतींसाठी वेगळा आयआरबी (नैतिकता समितीची मंजुरी), वेगळा तज्ज्ञ, भाषांतर, कोडिंग. तीन एम्सचं पायलट म्हणजे आर०१ चं बोन्साय. पॅनेलला ते लगेच कळतं आणि ‘ओव्हरअँबिशस’ हा शेरा पडतो. तो शेरा पडला की गुण ४-५ च्या घरात जातात. एनआयएचच्या मोजपट्टीत १ उत्तम आणि ९ वाईट, म्हणजे विषय संपला.

आणखी एक गोष्ट लोक गृहीत धरतात. जे-लॅट पेशी (एचआयव्हीचा प्रोव्हायरस असलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी) पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून लिहू नका, किंवा एकट्या लिहू नका. त्यातला प्रोव्हायरस बी आहे. सी चे प्रायमर चालतात की नाही हे त्यातून कळणारच नाही. एनआयएचच्या एचआयव्ही रीएजंट प्रोग्रामकडे सबटाइप सी चे क्लोन मागा आणि अर्जात ते नावानिशी लिहा.

मुळामुठा

एम २ बद्दल बरं झालं सांगितलंत, तो मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. एका स्त्रीमागे किती पेशी मागाव्यात? कोहॉर्टवाले एक कुपी देतो म्हणतात, मला दोन हव्यात असं वाटतंय.

टेंभुर्णी

हिशोब करून बघा आणि तोच हिशोब अर्जात घाला.

कुपीत १ कोटी पीबीएमसी. वितळवल्यावर ७० लाख जिवंत धरा. त्यात सीडी४ तिसरा हिस्सा, म्हणजे २३ लाख, आणि वेगळ्या करताना गळती होऊन १५ लाख उरतील. एका पेशीत ६.६ पिकोग्रॅम डीएनए, म्हणजे कागदावर १० मायक्रोग्रॅम, कॉलममधून हातात ६ च्या आसपास. ड्रॉपलेट पीसीआरच्या एका वेलमध्ये (प्लेटमधला खड्डा) ५०० नॅनोग्रॅम, म्हणजे ७५ हजार पेशी. दशलक्षामागे ५० अखंड धरले तर वेलमागे पावणेचार, चार वेल मिळून १५.

पंधराचं पॉसाँ विचलन (नुसत्या योगायोगानं होणारा चढउतार) जवळपास ४, म्हणजे पाव हिस्सा. त्यात डीएनए तुटतो. तुटण्याचं प्रमाण ०.३ असेल तर दोन्ही रंगांचे थेंब १५ ऐवजी १०-११ च दिसतील. ते आरपीपी३० या मानवी जनुकाच्या वेलवरून दुरुस्त करायचं, त्यासाठी पातळ केलेल्या डीएनएचे आणखी दोन वेल. प्रायमरच्या एका संचाला एकूण सहा वेल, दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम; दोन संचांना चार-साडेचार. उरलेला डीएनए सिक्वेन्सिंगला. एक कुपी पुरते. दुसरी मागाल तर कोहॉर्टची समिती कारण विचारेल, आणि कारण तुमच्याकडे नसेल.

डीएनए काढताना जोरात व्होर्टेक्स करू नका, बारीक टोकाच्या टिपनं वरखाली करू नका. अखंडता मोजणाऱ्या चाचणीत अखंड डीएनए आपणच तोडला तर काय मोजणार?

खतावणी

मी पैशांपुरतं बोलते.

पहिलं, जाहिरातीत ५०,००० च्या पुढे ‘डायरेक्ट’ आहे की ‘टोटल’ ते पुन्हा वाचा. डायरेक्ट असेल तर ओव्हरहेड (विद्यापीठाचा व्यवस्थापन खर्च) वरून मिळतो, तुमच्या हिश्शातून जात नाही. टोटल असेल आणि विद्यापीठाचा दर ६०% असेल तर हातात ३१,२५० उरतील. लोक इथं दरवर्षी अडखळतात.

दुसरं, सबअवॉर्ड. १ मे २०२५ ला एनआयएचनं जाहीर केलं, की नवी रचना येईपर्यंत परदेशी सबअवॉर्ड असलेले अवॉर्ड दिले जाणार नाहीत. एका वर्षाच्या पायलटमध्ये त्या वाटेला जाऊच नका. शिवाय सीफारच्या पायलटमध्ये परदेशी काम असेल तर केंद्राच्या निवडीनंतर एनआयएचकडून वेगळी मंजुरी घ्यावी लागते, आणि ती येईपर्यंत पैसे सुटत नाहीत. नमुने आधीच अमेरिकेतल्या भांडारात असतील तर अर्धं काम झालं. नसतील तर मंजुरीचा रस्ता अर्जात वेळापत्रकासकट दाखवा.

तिसरं, खर्चाचा ढाचा. दर तुमच्या कोअरच्या (सामाईक सेवा केंद्राच्या) दरपत्रकातून घ्या, खालचे आकडे फक्त प्रमाण कळावं म्हणून. टेक्निशियन ६०,००० पगाराचा २५% म्हणजे १५,०००, त्यावर ३०% फ्रिंज (विमा वगैरे लाभ) ४,५००. सीडी४ वेगळं करणं आणि डीएनए ६,०००. ड्रॉपलेट पीसीआर ४,०००. सिक्वेन्सिंग ९,०००. सांख्यिकी कोअर ३,०००. नमुन्यांची वाहतूक ६,०००. एक परिषद २,५००. झाले ५०,०००. पीसीआरचा आकडा लहान दिसतोय म्हणून घाबरू नका. प्रायमरच्या एका संचाला ४० गुणिले ६ म्हणजे २४० वेल, २०% पुन्हा करावे लागतील म्हणून २८८, प्लेटमागे आठ वेल कंट्रोलला सोडले तर चार प्लेटी. दोन संच म्हणजे आठ. पैसा जातो माणसाच्या हातांना आणि सिक्वेन्सिंगला.

स्वतःचा पगार घालायचा का? काही केंद्रं परवानगी देत नाहीत, काही मर्यादा घालतात. परवानगी असली तरी या आकारात मी घालणार नाही, पण तुमच्या विभागप्रमुखांना आधी विचारा. वेळेची जबाबदारी कुणाच्या खात्यावर, ते त्यांना लिहून द्यावं लागतं.

चौथं, मुदत. सीफारची तारीख ती तुमची तारीख नव्हे. विद्यापीठाचं स्पॉन्सर्ड प्रोग्रॅम्सचं (बाहेरच्या अनुदानांचं) ऑफिस साधारण पाच कामाचे दिवस आधी पूर्ण बजेट मागतं. आणि १२ महिन्यांचं घड्याळ अवॉर्ड सुरू झाल्याच्या तारखेपासून चालतं, नमुने पोचल्यापासून नाही. मूळ ग्रँटचं बजेट वर्ष संपलं की उरलेले पैसे पुढं नेणं मिनतवारीचं काम आहे.

सदाशिवपेठी

पुण्याच्या बाजूनं.

एचएमएससीचा अर्ज तुम्ही करत नाही, भारतातला प्रमुख संशोधक करतो, आयसीएमआरमार्फत. परदेशी पैसा किंवा परदेशी भागीदार असलेल्या आरोग्य संशोधनाला ती मंजुरी लागते. सोबत संस्थेच्या नैतिकता समितीचं पत्र, सामंजस्य करार, मटेरियल ट्रान्सफर करार, बजेट, आणि नमुने बाहेर का पाठवायचे, इथं का होत नाही याचं उत्तर. हे शेवटचं उत्तर फुसकं असेल तर फाइल परत येते. ‘आमच्याकडे यंत्र आहे’ हे कारण पुरत नाही. ड्रॉपलेट पीसीआर भारतातही आहे. उलट बाजूनं विचार करा: चाचणी पुण्यातच करून फक्त आकडे पाठवता येतील का? मग वाहतुकीचे ६,००० वाचतात, पण पैसे कुठल्या वाटेनं द्यायचे हा वर खतावणींनी सांगितलेला प्रश्न येतो.

मंजुरी अर्जाआधी हातात नसली तरी चालते, पण आधीची दोन पत्रं हवीतच: कोहॉर्टच्या समितीनं नमुने देण्याचं तत्त्वतः कबूल केल्याचं, आणि भारतीय संशोधकाचं, फाइल कधी टाकणार ती तारीख घालून. मंजुरीला महिने लागतात. ते तुमच्या १२ मध्ये धरू नका.

सगळ्यात आधी मात्र संमतीपत्र मागवा. मराठी प्रत मागवा, इंग्रजी नको, कारण सही मराठीवर झालेली असते. ‘उरलेलं रक्त पुढील संशोधनासाठी ठेवण्यास माझी हरकत नाही’ एवढंच असेल आणि देशाबाहेर पाठवण्याची वेगळी चौकट नसेल, किंवा असून तिथं ‘नाही’वर खूण असेल, तर ती स्त्री तुमच्या ४० मधून गेली. आवृत्त्या बदललेल्या असतात: जुन्या आवृत्तीत चौकट नाही, नव्यात आहे. किती जणींची कुठली आवृत्ती, हा तक्ता आधी करून घ्या. ६० मधून ४० मिळतील की २५, ते तिथंच कळेल.

२०१७ चा एचआयव्ही कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, संशोधनासाठी माहितीपूर्ण संमती आणि नोंदींची गुप्तता दोन्ही सांगतो. ओळख काढून टाकलेला डेटा म्हणताना पिनकोड, एआरटी केंद्राचं नाव आणि जन्मतारीख एकत्र ठेवू नका. लहान तालुक्यात तेवढ्यावरून माणूस सापडतो.

वाहतूक: गोठवलेले पीबीएमसी द्रव नायट्रोजनच्या ड्राय शिपरमधून, ड्राय आइसमध्ये नाही. रुग्णाचे नमुने यूएन ३३७३ खाली, कॅटेगरी बी. विषाणूचं कल्चर असेल तर वेगळा वर्ग, म्हणून घोषणापत्रात ‘एचआयव्ही’ एवढंच मोघम लिहू नका, नाहीतर कुरिअरवाला खोकं अडवून ठेवेल. शिपरचा होल्ड टाइम दहा दिवसांचा असला तरी शुक्रवारी पाठवू नका.

नवा_पाहुणा

भारतात बसून सीफारला अर्ज करता येतो का? की इथंच काही आहे?

सदाशिवपेठी

प्रमुख म्हणून बहुधा नाही. पायलट त्या त्या केंद्राच्या प्राध्यापकांसाठी असतं. इथं एएनआरएफचं (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन) पंतप्रधान अर्ली करिअर ग्रँट बघा, तीन वर्षांना ६० लाखांपर्यंत, पण नियमित पदावर रुजू होऊन दोन वर्षांच्या आत आणि वयाची अट ४२. आयसीएमआरचं स्मॉल ग्रँट २ कोटींपर्यंत जातं, पण तिथं स्पर्धा अनुभवी लोकांशी.

मुळामुठा

संमतीपत्रांचा तक्ता आज मागवला. नवं एम्स: (१) ४० जणींवर दोन प्रायमर संच, (२) सिग्नल न आलेल्या १२ जणींचं सिक्वेन्सिंग. मुलाखती काढल्या. सिग्नल न येणाऱ्या १२ निघाल्याच नाहीत तर?

टेंभुर्णी

तेच वाक्य एम २ खाली ‘पर्यायी मार्ग’ म्हणून लिहा. १२ पेक्षा कमी निघाल्या तर उरलेल्या जागा सिग्नल नीट आलेल्यांमधून चिठ्ठी टाकून भरायच्या. सिक्वेन्सिंगचे ९,००० तेवढेच राहतात आणि सी चा अखंड सिक्वेन्स दोन्ही बाबतीत हातात येतो. आणि सांख्यिकी कोअरच्या माणसाला एम्स पाठवण्याआधी भेटा. पत्रात ‘भेट झाली, वेल आणि पॉवरचा हिशोब तपासला’ असं त्यांच्या हातचं वाक्य हवं. साच्यातलं पाठिंब्याचं पत्र पॅनेल वाचतही नाही.