डिझेलच्या दरवाढीचे खापर नेमके कोणावर फोडायचे?

प्रश्न : कास्तकार, दारव्हा तालुका (जि. यवतमाळ)

नमस्कार. आमच्या गावात बैलजोड्या आता बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या असून नांगरटीपासून सोयाबीन काढणीपर्यंत सारे काम भाड्याच्या ट्रॅक्टरवर आणि थ्रेशरवर चालते. डिझेल वाढले की एकरी भाडे वाढते. डिझेल उतरले तर भाडे मात्र उतरत नाही, हा भाग वेगळा. परवा पारावर दोन पक्षांच्या कार्यकर्त्यांची यावरून जुंपली. एकाचे म्हणणे असे की, जुन्या सरकारने ऑईल बाँडचे, म्हणजे तेल कंपन्यांना दिलेल्या सरकारी रोख्यांचे, कर्ज करून ठेवल्यामुळे कर घ्यावाच लागतो. दुसऱ्याच्या मते केंद्राने उत्पादन शुल्क वाढवून लोकांचा खिसा कापला. राज्याच्या व्हॅटचा (विक्रीवरील कराचा) विषय निघताच दोघांनीही बाजू बदलल्या, कारण मधल्या काळात मुंबईतील सरकार बदलले होते. माझ्या खिशात पंपाची पावती होती. तिच्यावर लिटर, दर, एकूण रक्कम सारे छापलेले. कर किती, ते नाही. यात खरे कोणाचे मानावे?

प्रतिसाद १ : निवृत्त शिक्षक, आर्वी (जि. वर्धा)

भाऊ, दोघेही खोटे बोलत नव्हते. मात्र आपल्या सोयीचे तेवढेच सांगत होते. एप्रिल २०१४ मध्ये डिझेलवर केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरमागे ३.५६ रुपये होते. कोरोनाकाळात कच्चे तेल कोसळले, तेव्हा ती स्वस्ताई ग्राहकापर्यंत येऊ न देता केंद्राने मे २०२० मध्ये हे शुल्क ३१.८३ रुपयांवर नेले. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये १० आणि मे २०२२ मध्ये ६ रुपये कमी केले, म्हणजे १५.८० रुपये उरले. "आम्ही कर कमी केला" हे वाक्य खरे आहेच, पण उरलेला करही २०१४ च्या चौपटीहून अधिक होता.

ऑईल बाँडचा मुद्दा मला दुबळा वाटतो. ते सुमारे १.३ लाख कोटींचे होते आणि त्यांचे व्याज वर्षाला दहा हजार कोटींच्या आसपास जात असे. त्याउलट एकट्या २०२०-२१ मध्ये पेट्रोल-डिझेलवरील उत्पादन शुल्कातून केंद्राला तीन लाख कोटींहून अधिक मिळाले. तरीही तेव्हाच्या काँग्रेसप्रणीत संपुआ सरकारला यातून सोडता येत नाही, कारण तेल कंपन्यांना रोख भरपाई देण्याऐवजी रोखे हाती देणे म्हणजे आजची उधारी पुढच्याच्या नावावर मांडणे होते.

प्रतिसाद २ : पंपावर हिशेब पाहिलेला, मूर्तिजापूर (जि. अकोला)

गुरुजींनी केंद्राचे सांगितले, मी राज्याचे सांगतो. व्हॅट मुख्यतः टक्क्यांत असतो आणि तो उत्पादन शुल्क धरून आलेल्या रकमेवर लागतो. त्यामुळे केंद्राने शुल्क वाढवले की राज्याची मिळकत आपोआप वाढते, आणि शिव्या मात्र केंद्राला बसतात. मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपये उतरवताच महाविकास आघाडी सरकारने व्हॅट २.०८ आणि १.४४ रुपयांनी कमी झाल्याचे जाहीर केले. मुंबईचा दर तेव्हा पेट्रोलवर २६ आणि डिझेलवर २४ टक्के होता. ८ चे २६ टक्के २.०८ आणि ६ चे २४ टक्के १.४४ होतात, वेगळे असे काही सोडलेच नव्हते! आपल्या भागात दर २५ आणि २१ टक्के असल्याने ते २ रुपये आणि १.२६ रुपये भरले. खरी कपात जुलै २०२२ मध्ये शिंदे सरकारने केली, पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपये. अर्थात २०१५ मध्ये दुष्काळाच्या नावाने लिटरमागे २ रुपये अधिभार युती सरकारने बसवले होते आणि जून २०२० मध्ये आणखी २ रुपये आघाडीने, हेही लिहून ठेवावे.

राज्यांची एक तक्रार मात्र रास्त आहे. केंद्राच्या शुल्कातील मोठा भाग उपकर आणि विशेष शुल्काच्या रूपात असतो, आणि त्यातून राज्यांना वाटा मिळत नाही. डिझेलवर वाटून घेण्याजोगे मूळ शुल्क २०२१ मध्ये अवघे १.८० रुपये होते.

प्रतिसाद ३ : वाचक, चिखली (जि. बुलडाणा)

जून २०१७ पासून दर रोज बदलतात असे आपण ऐकतो. मग ४ नोव्हेंबर २०२१ पासून १३७ दिवस कंपन्यांनी ते का हलवले नाहीत? मध्ये उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका होत्या. निकालानंतर २२ मार्च २०२२ पासून ८०-८० पैशांनी वाढ सुरू झाली आणि १६ दिवसांत १० रुपये चढले. युक्रेनच्या युद्धाने कच्चे तेल भडकले होते, हे मान्य. पण ते निकालाची वाट पाहत थांबले नव्हते.

प्रश्नकर्ता : सर्वांचे आभार. हा सारा हिशेब वहीच्या कागदावर उतरवून मी काल पारावर नेला. खताच्या पावतीवर सरकारचे अनुदान छापतात, तसा डिझेलच्या पावतीवर कर छापायला काय हरकत आहे, असेही विचारले. त्यावर कोणी बोलले नाही. दोघांनी मात्र कागदाचे फोटो घेतले. एकाने व्हॅटच्या अर्ध्या भागाचा, दुसऱ्याने केंद्राच्या शुल्काच्या अर्ध्या भागाचा.