मदत हवी आहे: बाहेरच्या भिंतीवरच्या फायबर सिमेंट शीटच्या सांध्यांना भेगा

चौथाकट्टा: बडोद्यात घराच्या पश्चिमेच्या भिंतीला दिवाळीत फायबर सिमेंट शीट लावल्या. आता सगळ्या सांध्यांवर उभ्या भेगा पडल्यात, दोन ठिकाणी स्क्रूपाशी कोपऱ्याचा टवका उडालाय. कडिया म्हणतो, पुट्टी मारून देतो. परवा येणार आहे. कुठली पुट्टी चांगली? जरा लवकर सांगा, पाहुणे यायचेत.

उंबरठा: शीटची जाडी? सांध्यात फट किती? आत्ता काय भरलंय? फोटो टाका.

टांगेवाला: कडिया म्हणजे गवंडी ना? आमच्या आजीनंतर हा शब्द आज वाचला.

चौथाकट्टा: ८ मिमी, ८ बाय ४ फुटी. फट कसली, अगदी घट्ट जोडल्यात. वर व्हाइट सिमेंट फिरवलं होतं. पुट्टीचं सांगा.

उंबरठा: पुट्टी विसरा. ही शीट ओलावा पिऊन फुगते, वाळली की आकसते. सांध्यात ३ ते ६ मिमी जागा लागते आणि त्यात पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, जो ताणला जातो. व्हाइट सिमेंट ताणलं जात नाही, तडकतं. पुट्टीही तडकेल. स्क्रू कडेपासून किमान १२ मिमी आणि कोपऱ्यापासून ५० मिमी आत हवा, भोक आधी पाडून. तुमच्या कडियाने थेट कोपऱ्यातच पिळलेला दिसतोय.

दगडूशेठजी_नव्हे: म्हणून मी सगळ्यांना सांगतो, ध्रांगध्र्याचा दगड लावा. १५ वर्षं झाली, आमच्या घराला हात लावावा लागला नाही.

उंबरठा: त्यांनी दगडाबद्दल विचारलेलं नाही.

काळजीवाहू: हा अ‍ॅस्बेस्टॉस आहे! घरात लहान मुलं असतील तर आजच काढून टाका.

उंबरठा: घाबरवू नका. जुन्या नालीदार सिमेंट पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असायचा, आजही असतो. सपाट शीट त्याच्याशिवायही मिळते, बिलावर किंवा शीटवर काय लिहिलंय ते बघा. आयएस १४८६२ (या शीटचं भारतीय मानक) छापलं असेल तर पुढे टाइप ए आहे ना तेही बघा. बाहेरच्या भिंतीला टाइप ए लागतो, बी आतल्या कामाचा. मात्र कापताना सिलिकाची धूळ उडते, तेव्हा मास्क हवाच. आणि शीट मागे कशावर ठोकल्यात?

चौथाकट्टा: लाकडी पट्ट्यांवर. कडियाकडे पडल्या होत्या.

उंबरठा: भिंत कोरडी होती का?

चौथाकट्टा: ते काय विचारता. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी तीन दिवस कंबरेएवढं होतं. खालचा गिलावा सगळा सुटला. तो झाकायलाच तर शीट लावल्या.

टांगेवाला: तेव्हा आमच्या गल्लीत मगर आली होती! वनखात्याची माणसं येईपर्यंत सगळे गच्चीत.

उंबरठा: मगर राहू दे. कट्टाभाऊ, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! ओल्या भिंतीवर लाकूड, वर शीट, आणि खाली जमिनीला टेकवलेली, बरोबर? आत वारा खेळायलाच जागा नाही. शीट जमिनीपासून किमान १५० मिमी वर हवी. मागे २०-२५ मिमी पोकळी ठेवायची, खालून-वरून उघडी, आणि उघड्या तोंडांना जाळी. पट्ट्या जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या. खालची एक शीट उघडून बघा.

दगडूशेठजी_नव्हे: दगडामागेही ओल बसतेच, पण दगडाला काही होत नाही.

चौथाकट्टा: उघडली. भिंतीवर लोणा कापसासारखा फुललाय, हात लावला की गळतो. पट्टीत चावी खुपसली तर अर्धी आत गेली. वाळवी पण आहे. शीटची कापलेली कड ओली, भाकरीच्या काठासारखी पापुद्रे सुटलेली. कड कोणी प्रायमरने बंद करतं का?

उंबरठा: करतात. लावायच्या आधी, चारही कडा. आधी सगळ्या शीट उतरवा आणि भिंत पूर्ण उन्हाळा वाळू द्या.

चौथाकट्टा: कडियाला 'येऊ नकोस' म्हणून फोन केला. तो रस्त्यातच होता. आता पुट्टीची गोणी फाटकाशी ठेवून चहा पितोय. पाहुण्यांचं काय सांगू?

टांगेवाला: पाहुणे कुठले?